कर्जत ते चौक : चालत लिहिण्याचे दोन दिवस

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द शक्य तिथे तसेच ठेवले आहेत.)



आधी माझ्याबद्दल थोडं. मी कर्जतचा. लोणेऱ्याहून बीटेक केलं, ऐरोलीला एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठवड्यातले तीन दिवस लोकलने जातो-येतो, दोन दिवस घरून काम. वय अठ्ठावीस. मी कवी नाही, म्हणजे कुणी तसं म्हटलं तर मला अवघडल्यासारखं होतं. पण कविता लिहायची खोड कॉलेजपासून आहे. आणि चालायची त्याच्याही आधीपासून, कारण आमच्या घरापासून स्टेशन अडीच किलोमीटर आणि वडिलांचं मत असं की रिक्षा आजारी माणसांसाठी असते.

तर या दोन खोडी एकत्र करून आम्ही तीन मित्र वर्षभर एक उद्योग करतोय. दोन दिवस चालायचं आणि चालता चालता लिहायचं. कार्यशाळा म्हणा हवं तर. आतापर्यंत अशा चार झाल्या. आज त्याबद्दलच बोलायचंय. यात आमचा एक नियम आहे, नाव विचारण्याचा. त्यावरून लोक आमच्याशी सर्वांत जास्त भांडतात, म्हणून तो कुठून आला तेही सांगणार आहे.

पहिलं म्हणजे हा ट्रेक नाही. कर्जत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर राजमाची, ढाक बहिरी, पेठचा किल्ला, भीमाशंकरचा शिडी घाट येतो. ते सगळं मस्त आहे, मीही केलंय. पण ट्रेकमध्ये वर पोचायचं असतं. सगळ्यांचं लक्ष पायाखाली आणि घड्याळाकडे. वर गेल्यावर फोटो, मग उतरायची घाई, कारण शेवटची टमटम चुकेल. त्यात लिहायला कुठे जागा आहे? आम्हाला सपाटीवरचं, गावांमधून जाणारं, जरा कंटाळवाणंसुद्धा चालणं हवं होतं. कंटाळा आल्याशिवाय माणूस इकडेतिकडे बघत नाही.

रस्ता शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कर्जतहून खोपोलीला एक फाटा जातो रेल्वेचा. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. मुंबईकरांना ही नावं फक्त इंडिकेटरवर दिसतात. साधारण पंधरा किलोमीटरचा पट्टा. रुळांवरून चालायचं नाही, ते बेकायदा आहे आणि मूर्खपणाही. पण रेल्वेच्या आसपासचे गावरस्ते, बांध, पायवाटा जोडत गेलं की दिवसभराची निवांत चाल होते. आणि मोठी सोय अशी की कुणाचा पाय दुखला, कुणाचं पोट बिघडलं, तर पुढच्या स्टेशनवर बसवायचं आणि लोकल आली की पाठवून द्यायचं. अर्थात खोपोली लोकल कधी येते हे आधी बघून ठेवलं पाहिजे, नाहीतर बसा तासभर. एकाला आम्ही केळवलीला असं बसवलं होतं, त्याने त्या वाट बघण्यात अख्ख्या चालीतलं सर्वांत बरं पान लिहिलं!

दुसऱ्या दिवशी खोपोलीहून खालापूरमार्गे चौक. तेही पंधरा-सोळा किलोमीटर. इथे जुना मुंबई-पुणे हायवे डोक्यात जातो, शक्य तितका टाळतो, पण पूर्ण टाळता येत नाही. वाटेत महडचा वरदविनायक लागतो, तिथे सावली आणि चहा.

लोक विचारतात की हे परदेशी फॅड कुठून आणलंस? मला हसू येतं. जपानमध्ये हायकू लिहिणाऱ्यांची ‘गिनको’ नावाची प्रथा आहे खरी, गटाने फिरायला जायचं आणि फिरताना हायकू करायचे. बाशो तर १६८९ साली एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, उत्तरेकडे पायी निघाला आणि पुढचे पाच महिने चालत लिहीत राहिला. आपल्याकडे हायकू रुजवला शिरीष पै यांनी, त्यामुळे हे धागे मराठीला अगदीच परके नाहीत. पण तिथवर जायची गरजच काय? आळंदी ते पंढरपूर चालत जाणारी दिंडी काय करते? सकाळपासून कुठले अभंग, दुपारी कुठले, संध्याकाळी हरिपाठ, सगळा क्रम ठरलेला. अडीचशे किलोमीटर लोक कवितेच्या ठेक्यावर पावलं टाकतात. एवढं मोठं काव्यवाचन जगात दुसरीकडे होत असेल असं मला वाटत नाही. माझी आजी सात वेळा गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि तिला मला येतात त्याच्या वीसपट कविता पाठ होत्या.

आणि अगदी आमच्या भागातलं सांगायचं तर गो. नी. दांडेकर. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडते. कर्जतच्या बाजूने मान वर केली की श्रीवर्धन आणि मनरंजन दोन्ही बालेकिल्ले दिसतात. गोनीदांनी किल्ले आणि रानं पायी तुडवली आणि मग लिहिलं. ती कादंबरी वाचताना कळतं की या माणसाने बुधासारख्यांच्या घरात बसून भाकरी खाल्लेली आहे, फक्त गडावरून दरी बघितलेली नाही.

असो. आता आमची पहिली चाल. ती फसली.

गेल्या जानेवारीत नऊ जण आले. आम्ही मोठ्या उत्साहात छापील कागद वाटले. त्यावर सूचना होत्या: ‘झाडाशी संवाद साधा’, ‘वाऱ्याला पत्र लिहा’. आता आठवलं तरी लाज वाटते. संध्याकाळी वाचन ठेवलं तर नऊपैकी सात जणांनी जवळपास एकच कविता लिहिलेली. हिरवी शाल, डोंगराची कुशी, शहराचा धूर, हरवलेलं बालपण. आणि गंमत म्हणजे जानेवारी होता! हिरवी शाल कुठली? भात कापून झालेलं, खाचरं पिवळी-तपकिरी, त्यात नुसता वाल हिरवा. म्हणजे लोक दिवसभर चाललेले होते, पण कविता घरूनच करून आणल्या होत्या.

त्या रात्री मी विचार केला की आपल्या धंद्यात आपण काय करतो? प्रोग्रॅम बिघडला की पहिल्यांदा लॉग बघतो. लॉग म्हणजे काय, तर किती वाजता, कुठे, काय झालं, कुणी केलं. त्यात मत नसतं. ‘सर्व्हर उदास होता’ असं कुणी लिहीत नाही. मग ठरवलं की दुपारच्या जेवणापर्यंत कुणीही कविता लिहायची नाही, फक्त लॉग लिहायचा. उभ्या उभ्या, दर अर्ध्या-पाऊण तासाने, चार-पाच ओळी. वेळ, जागा, काय दिसलं. विशेषण नको. आणि माणूस दिसला, बोलणं झालं, तर त्याचं नाव. विचारून, आणि लिहिलेलं चालेल का हेही विचारून. दुपारनंतर ज्याला जे करायचं ते करू दे.

एवढ्याने फरक पडला. उदाहरण सांगतो. पुढच्या चालीत खोपोलीत पाताळगंगेजवळ एकीने लिहिलं की भर फेब्रुवारीत नदीला पाणी आहे. एवढंच. मग तिलाच प्रश्न पडला की पाऊस संपून चार महिने झाले, हे पाणी कुठलं? विचारल्यावर कळलं. घाटावर वळवण, लोणावळा, शिरवटा ही धरणं आहेत. तिथलं पाणी पाइपातून सुमारे पाचशे मीटर खाली येतं, खोपोलीच्या टाटांच्या वीजकेंद्रात टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत सोडलं जातं. १९१५ पासून हे चाललंय. मुळात ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. उल्हासचंही तसंच, तिला भिवपुरीच्या केंद्राचं पाणी मिळतं, १९२२ पासून. म्हणजे आपण जिला खळाळती निसर्गरम्य नदी म्हणतो ती खरं तर ड्युटीवर आहे! त्या मुलीने यावर जी कविता लिहिली ती मी इथे वाचणार नाही, ती तिची आहे. पण तिच्या मनात ती नुसत्या ‘खळाळत्या’ या शब्दातून कधीच आली नसती.

हं, आता नावाच्या नियमाबद्दल. हे मी याआधी कुठे बोललेलो नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

ऑगस्ट २०२२ मध्ये मी इर्शाळगडावर गेलो होतो, ऑफिसच्या मित्रांबरोबर. चौकहून दिसतो तो, वर सुळका आणि सुळक्यात नेढं. गडाच्या उतारावर ठाकरांची वाडी होती, इर्शाळवाडी. गाडीरस्ता नव्हता, चढूनच जायचं. ट्रेकला येणारे सगळे तिथे थांबायचे, चहा प्यायचे, पिठलं-भाकरी खायचे. आम्हीही थांबलो. जोराचा पाऊस होता. एका बाईंनी पडवीत घेतलं, चहा दिला. अर्धा-पाऊण तास बसलो असू. मी घरी येऊन कविता लिहिली. तिच्यात ती वाडी होती, तो चहा होता, ‘डोंगराच्या कुशीत निजलेली वाडी’ अशी ओळ होती. पुढच्या फेब्रुवारीत ऑफिसात मराठी भाषा दिनाला ती वाचली. टाळ्या पडल्या, बक्षीस म्हणून एक मग मिळाला.

१९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. आठवडाभर नुसता पाऊस होता. सकाळी मला मित्राचा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये होतो. वर मशिनरी नेता येत नव्हती, माणसं फावडी-कुदळी घेऊन चढून गेली. चार दिवसांनी शोध थांबवला. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता म्हणून राहिले. म्हणजे ते तिथेच आहेत.

याद्या आल्या, मृतांच्या, वाचलेल्यांच्या. मी त्या उघडल्या आणि वाचायला लागलो आणि मग लक्षात आलं की मी काय शोधतोय हेच मला माहीत नाही. मी त्या बाईंचं नाव विचारलं नव्हतं. अर्धा-पाऊण तास त्यांच्या पडवीत बसलो, त्यांच्यावर कविता केली, त्या कवितेवर बक्षीस घेतलं, आणि त्या गेल्या की आहेत हे कळायला माझ्याकडे काहीच नव्हतं. लॉगमध्ये कधी कधी युजरच्या जागी ‘अननोन’ येतं ना, तशी ती ओळ. पुढे शोधताच येत नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष मी कविता लिहिली नाही. त्यामागे फार मोठं तत्त्व वगैरे नव्हतं. लिहायला बसलं की ‘कुशीत’ हा शब्द आठवायचा.

तर हा नियम तिथून आला. लोकांना पहिल्यांदा तो सांगितला तेव्हा कारण सांगितलं नव्हतं, नुसता नियम सांगितला, म्हणून भांडण झालं. डोंबिवलीच्या एक निवृत्त मराठीच्या शिक्षिका आल्या होत्या, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. त्या डोलवलीच्या अलीकडे रस्त्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, “अरे, कविता म्हणजे पंचनामा नाही. नावं, वेळा, जागा लिहून काय होणार? कवितेत बाई ही कुठलीही बाई असू शकते, तीच तर तिची ताकद आहे.” मी जरा तावातावाने काहीतरी बोललो. पण खरं सांगू? बाई चूक नव्हत्या.

त्या रात्रीचा मुक्काम लौजीच्या अलीकडे एका शेतकरी घरी होता. आम्ही हॉटेलात किंवा फार्महाऊसवर उतरत नाही, कुणाच्या तरी घरी पैसे देऊन राहतो आणि जेवतो. दिवस पोपटीचे होते. कर्जत-खालापूर-अलिबागकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे, चर्र झालं की तयार. तर पोपटी लागेपर्यंत वाचन सुरू केलं. घरातली माणसंही बसली होती, काकी, त्यांच्या सासूबाई, शेजारची दोन पोरं. हेही आता आम्ही मुद्दाम करतो. नुसतं आपापसात वाचलं की सगळे ‘वा वा’ म्हणतात.

एका मुलाने वाचली. वाटेत एक कातकऱ्यांची वाडी लागली होती, बऱ्याच झोपड्यांना कुलपं. त्याची कविता त्या ओसाड वाडीवर होती, मरणाची शांतता, विस्मृतीत गेलेली घरं वगैरे. संपल्यावर आम्ही गप्प. तेवढ्यात आजी म्हणाल्या, “ओसाड कशाला असंल? भट्टीवर गेलीत ती. पाऊस लागायच्या आत येतील.”

पोरगा एवढा ओशाळला! पण त्याचा दोष नव्हता, मलाही त्या वयात कुणी सांगितलं नसतं. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरंबाळं घेऊन, उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तिथेच. पावसाच्या तोंडाला परत. कुलूप म्हणजे घर विस्मृतीत गेलं असं नाही, कुलूप म्हणजे परत यायचंय.

मग बाईंनी आजींना विचारायला सुरुवात केली. कुणाचं घर, किती पोरं, कुठल्या भट्टीवर. आम्ही शेंगा खात बसलो आणि त्या दोघी बोलत राहिल्या, दोघी एका वयाच्या. आजींनी सांगितलं की त्यातल्या एकीने जाताना आपल्या कोंबड्या आमच्याकडे ठेवल्यात. आणि त्या कोंबड्या दिवसभर इथे चरतात, पण संध्याकाळ झाली की चालत त्या कुलूप लावलेल्या घराकडे जातात आणि दारात बसतात. रोज. मग आजी रोज जाऊन त्यांना डालग्यात घालून परत आणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी बाईंनी आठ ओळी वाचल्या. त्यात फक्त कोंबड्या, दार आणि तिन्हीसांज. कुणाचंही नाव नव्हतं, भट्टीचा उल्लेख नव्हता. आणि आजी मान डोलवत म्हणाल्या, “हां, असंच.” आमच्या चारही चालींत मला त्या आठ ओळी सर्वांत आवडल्या. वाटेत मी बाईंना म्हटलं, तुमचंच खरं, नाव लागत नाही. त्या म्हणाल्या, “लिहायला लागत नाही. पण मी रात्री विचारलं नसतं तर मला कोंबड्या कुठे कळल्या असत्या?” मग त्यांनी मला त्या बाईचं आणि तिच्या तीन पोरांची नावं सांगितली. त्यांच्या वहीत मागच्या पानावर होती.

तेव्हापासून नियम थोडा बदललाय. नाव वहीत हवं, कवितेत नसलं तरी चालेल. आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला आधी ऐकवल्याशिवाय इन्स्टाग्रामवर टाकायचं नाही. हे दुसरं फार लोकांना जड जातं.

पैशाचं विचारतात म्हणून सांगतो. माणशी नऊशे रुपये घेतो, त्यातले बहुतेक राहण्या-जेवणाचे ज्या घरी उतरतो त्यांना जातात. आम्हाला यातून काही मिळत नाही, मिळवायचंही नाही, पगार आहे. पण फुकट ठेवलं तर अर्धे लोक येतच नाहीत, हा अनुभव आहे. दहाच्या वर माणसं घेत नाही. दहाच्या वर गेलं की घोळका आपापसातच बोलतो, गावाशी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालापूरच्या पुढे गेलं की इर्शाळगड दिसायला लागतो. पहिल्या चालीत मी त्याबद्दल काहीच बोललो नाही, मान खाली घालून चाललो. बाईंच्या चालीत त्यांनीच विचारलं की तू एवढा गप्प का. मग रस्त्याकडेला बसून सगळ्यांना सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. कुणी काही म्हटलं नाही. वाचलेल्या कुटुंबांना आता चौकजवळ घरं दिलीत. एकाने सुचवलं की जाऊन विचार ना तिथे. मी गेलेलो नाही. जाऊन काय विचारू? ‘तीन वर्षांपूर्वी मला चहा दिला त्या कोण?’ तिथल्या जवळजवळ प्रत्येक घराने कुणा ना कुणा ट्रेकरला चहा दिलेला आहे. आणि ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्या दारात माझा हिशेब पुरा करायला जाणं मला बरं वाटत नाही. कदाचित हे निमित्त असेल. माहीत नाही.

मग त्या मुलाने, ओसाड वाडीवाल्याने, मला विचारलं की तुम्ही आम्हाला लॉग लिहायला लावता, तुम्ही त्या दिवसाचा लॉग लिहिलाय का? लिहिला नव्हता. तिथेच बसून लिहिला, जेवढा आठवला तेवढा. ऑगस्ट २०२२, रविवार, सकाळी साधारण दहा. पाऊस. पडवीत चुलीचा धूर. स्टीलचे पेले, माझ्या पेल्याला खाली पोचा. आम्ही पाच जण. चहाचे पन्नास रुपये झाले, मी शंभर दिले आणि राहू द्या म्हटलं. त्यांनी आत जाऊन पन्नास आणून दिले आणि म्हणाल्या, उतरताना परत या, तेव्हा द्या. उतरताना उशीर झाला होता, आम्ही थांबलो नाही.

पुढची चाल जानेवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी आहे. कर्जत स्टेशनबाहेर सकाळी साडेसहाला भेटायचं. बूट वापरलेले घाला, नवे नको. वही छोटी आणा, खिशात मावेल अशी, आणि पेन दोन. पोपटी आहे.